केळ

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, पहिल्याच दिवशी,
चनवीरप्पा मला म्हणाले, "केळ."
मी नंदगडकडचा. कानडी तेव्हा
कानात शिरायचं, पुढं जायचं नाही.
दुपारच्या सुट्टीत गाड्यावरून
दोन केळी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली.
त्यांनी ती सोलून खाल्ली, दोन्ही. हसले नाहीत.
मग हातोडी घेऊन
साखळीला टांगलेल्या कास्टिंगवर हलकेच टेकवली
आणि परत तेच:
"केळ."

ऐक.

सूर लांबत, लांबत गेला तर माल पास.
मध्येच मान टाकली त्यानं
तर आत कुठंतरी भेग आहे,
केसाहून बारीक,
वरून रंग दिला की देवालाही न दिसणारी.
मला सगळे नग सारखेच वाजायचे.
मी त्यांच्या तोंडाकडं बघून
खडूनं फुल्या मारायचो.

मला तेव्हा हवं होतं वेगळंच.
अनगोळच्या भाड्याच्या खोलीत
पहाटे चारला घोंगडीवर बसायचो.
चहा सोडला. मीठ सोडलं.
गुरुवारी पाणीसुद्धा दिवस मावळल्यावर.
संध्याकाळचा जप चुकतो म्हणून
ओव्हरटाइमही सोडला.
भुवयांच्या मध्ये म्हणे निळा ठिपका दिसतो,
तो वाढत जातो, आणि मग दारं उघडतात.
सात वर्षं.
ठिपका एकदा दिसलाही.
शहापूरच्या डॉक्टरनं तपासलं,
चष्मा लागला.

चनवीरप्पांना विचारलं,
"तुम्ही रोज तळहातावर लिंग घेऊन
अर्धा अर्धा तास बघता. काय दिसतं?"
"लिंग," म्हणाले. "काळं हाय.
पुढ्यातला दिवा त्यात दिसतोय की.
तो हालला म्हंजे कळतंय,
आपण हाललो."
आणि लगेच पुढचा नग ओढला.
मी थोडा थांबलो,
अजून काही सांगतील म्हणून.

गणपती होऊन गेले होते. रात्री जेवताना
शेवंतीला सहज म्हणालो, "आज गप्प का?"
"काही नाही."
रोजचेच दोन शब्द.
पण लांबले नाहीत.
मध्येच मान टाकली त्यांनी,
माझ्या ताटाच्या अलीकडंच.

घास हातात तसाच राहिला.
मी वर बघितलं.
कानांत कुड्या नव्हत्या.
भोकं बुजू नयेत म्हणून
झाडूच्या काड्या मोडून घातलेल्या.
"कधी?"
"शिमग्याच्या आधी.
भाडं थकलं होतं, आणि तुमचं बसणं
मोडू नये म्हटलं."
एवढं सांगून तिनं आमटी वाढली,
माझी वेगळी, अळणी.

शिमगा ते गणपती.
बोटांवर मोजलं, मग मोजणं सोडून दिलं.

ओव्हरटाइम परत धरला. मीठही.
चनवीरप्पांचे कान आता गेलेत,
भट्टीनं, वयानं.
ते नगावर तळहात ठेवतात, हातोडी मी मारतो,
आणि मला ऐकू यायच्या आधी
त्यांची मान नाही म्हणते.
कानडीत विचारणं आणि ऐकणं
एकाच शब्दात राहतात
हे मला फार उशिरा कळलं.
त्यांना सांगितलं तर म्हणाले, "आँ?"

पहाटे चारला अजूनही बसतो.
का, ते नीट सांगता येणार नाही.
तिसऱ्या गेटवरून मालगाडी जाते,
तिच्या वाघिणी आपोआप संपतात.
कुणाचं तरी कुत्रं, कुणाचा तरी नळ.
मग शेवंती झोपेत कूस बदलते
आणि कानातल्या काडीचं टोक
उशीच्या अभ्र्याला घासतं.

तेवढं ऐकू येतं.